वाहतूक खटल्यात दंड भरल्याची न्यायालयातील नक्कल कुठून व कशी मिळवावी?

प्रश्न – केळीबागायतदार, चोपडा

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाच्या नावावर एमएच १९ पासिंगची एक पिकअप असून ती आता विकायची आहे. सौदा ठरला आहे आणि बयाणाही हाती आला आहे; परंतु नाव हस्तांतरणाचे कागद तयार करताना गाडीवर २०२२ सालचे एक चलन अद्याप प्रलंबित दाखवत असल्याचे निघाले. वस्तुतः त्या प्रकरणात भावाने न्यायालयात जाऊन दंड भरलेला आहे. त्याची पावती गाडीतील कप्प्यात ठेवलेली होती, ती केव्हा गहाळ झाली हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रकरण असे आहे. जून २०२२ मध्ये भाऊ केळी भरून सुरतेकडे जात असताना साक्रीच्या पुढे, दहिवेलच्या अलीकडे, त्याला महामार्गावर अडवण्यात आले. धोकादायक रीतीने वाहन चालवल्याचे कलम लावून त्याचे लायसन्स जमा करून घेतले आणि त्याची पावती देण्यात आली. पुढे समन्स आले, तो वडिलांना सोबत घेऊन न्यायालयात गेला, गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि लायसन्स घेऊन परत आला. न्यायालय कोणते होते याविषयी मात्र घरात एकमत नाही. भाऊ धुळे म्हणतो, तर वडील साक्री म्हणतात. खटल्याचा क्रमांक कोणाच्याच लक्षात नाही. आईला एवढे पक्के आठवते की बहीण राखीसाठी आलेली होती आणि ती सासरी परत निघाली त्याच दिवशी हे दोघे न्यायालयात गेले होते. त्या दिवशी तेथे मंडप टाकलेला होता आणि जत्रेसारखी गर्दी होती, असे वडील सांगतात.

चलन देणाऱ्या शाखेत चौकशी केली तेव्हा ‘कोर्टाचा कागद आणा’ एवढेच उत्तर मिळाले. एका एजंटाचा सल्ला असा की पुन्हा पैसे भरून मोकळे व्हावे. तो आम्हाला मान्य नाही. मोबाइलवर न्यायालयीन नोंदींच्या संकेतस्थळावर, म्हणजे ई-कोर्ट्‌समध्ये भावाचे नाव टाकून पाहिले, तर पाटलांची न संपणारी यादी समोर आली. अशा स्थितीत खटल्याचा शोध कसा घ्यावा आणि सही-शिक्क्याची नक्कल कोणाकडे मागावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – पांझराकाठचा वकील, धुळे

आपण दिलेल्या माहितीत उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे. वाहतुकीच्या चलनाचा शेवट वेगवेगळ्या ठिकाणी होऊ शकतो. ते पोलिसांकडेच तडजोड शुल्क भरून मिटते, व्हर्च्युअल कोर्टात ऑनलाइन दंड भरून संपते, नियमित न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर निकाली निघते किंवा लोकअदालतीत मिटते. प्रकरण जेथे संपले तेथेच त्याचा कागद असतो, इतरत्र मागून तो मिळत नाही. म्हणून आधी ते ठिकाण निश्चित करावे लागते.

आपल्या भावाचे लायसन्स जमा केले गेले आणि ते न्यायालयातून परत मिळाले, ही यातील सर्वांत उपयोगी खूण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६(२) नुसार अधिकाऱ्याने जप्त केलेले लायसन्स न्यायालयाकडे पाठवायचे असते. त्यामुळे व्हर्च्युअल कोर्टाची शक्यता मी सोडून देतो, कारण तेथे कोणाला प्रत्यक्ष हजर राहावे लागत नाही आणि कोणतीही वस्तू हातोहात परत मिळत नाही. प्रकरण न्यायालयात दाखल होण्यापूर्वीच मिटले असावे असेही यावरून वाटत नाही. खटला रीतसर नोंदला गेला होता, असेच गृहीत धरून चालावे.

आता न्यायालय कोणते, याकडे वळू. अधिकारक्षेत्र गाडीच्या क्रमांकावरून ठरत नाही, घटना जेथे घडली त्या जागेवरून ठरते. कुसुंबा, नेर ही गावे धुळे तालुक्यातील आहेत, परंतु दहिवेल साक्री तालुक्यात येते आणि साक्रीला स्वतंत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय आहे. त्यामुळे आपल्या वडिलांचे म्हणणे अधिक संभवनीय वाटते. धुळ्यात शोधायचेच झाले, तर जिल्हा व सत्र न्यायालयाच्या यादीत शोधू नये, मुख्य न्यायदंडाधिकारी न्यायालयाच्या यादीत शोधावे. असले खटले दंडाधिकाऱ्यांपुढेच चालतात, आणि पुष्कळ लोक नेमके चुकीचे दालन निवडून ‘नोंद नाही’ असे वाचून निराश होतात.

आपल्या मातोश्रींची आठवण फार मोलाची आहे. २०२२ मध्ये राखीपौर्णिमा ११ ऑगस्टला होती आणि १३ ऑगस्टला, दुसऱ्या शनिवारी, राष्ट्रीय लोकअदालत झाली होती. एरवी दुसऱ्या शनिवारी न्यायालयाचे नियमित कामकाज नसते. मंडप आणि गर्दी या दोन्ही गोष्टींचा उलगडा त्यातून होतो. त्या दिवशी गुन्हा कबूल करणाऱ्यांचे किरकोळ खटलेही विशेष बैठकीत निकाली काढले जातात. तेव्हा निकालाचा दिनांक १३ ऑगस्ट २०२२ धरून शोध घ्यावा.

ई-कोर्ट्‌समध्ये महाराष्ट्र, धुळे जिल्हा आणि साक्री न्यायालय संकुल निवडून पक्षकाराच्या नावाने शोधताना वर्ष २०२२ टाकावे. प्रलंबित, निकाली आणि दोन्ही असे पर्याय येतात, त्यांतील ‘निकाली’ निवडावा. आपला खटला प्रलंबितांच्या यादीत सापडणार नाही. केवळ आडनाव टाकू नये. नाव व वडिलांचे नाव इंग्रजीत ज्या ज्या प्रकारे लिहिले जाऊ शकते ते सर्व प्रकार करून पाहावेत. नोंद करणाऱ्याने चलनावरील नाव जसेच्या तसे उतरवलेले असते आणि चलनावरील नाव घाईत लिहिलेले असते. खटल्याचा प्रकार बहुधा ‘एस.सी.सी.’, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला, असा दिसेल. एकदा नोंद सापडली की तिचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, उतरवून घ्यावा. त्यातील शेवटचे चार अंक वर्षाचे असतात, त्यामुळे २०२२ पाहून लगेच खात्री करता येते.

उत्तर – माहितीचा हक्क, भुसावळ

एवढी शोधाशोध करण्यापेक्षा माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज न्यायालयात द्यावा. तीस दिवसांत माहिती देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे.

उत्तर – पांझराकाठचा वकील, धुळे

भुसावळकर दादा, आपला हेतू चांगला आहे, परंतु न्यायालयीन अभिलेखाच्या नकलेसाठी हा मार्ग बंद झालेला आहे. गुजरात उच्च न्यायालयासंबंधीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये असे स्पष्ट केले की न्यायालयाच्या नियमांत नक्कल देण्याची तरतूद असेल, तर नक्कल त्या नियमांनुसारच मागावी, माहिती अधिकाराखाली मागू नये. अर्ज परत येईल आणि त्यात एक महिना जाईल. सौदा थांबलेला असताना तो महिना परवडणारा नाही.

माहिती अधिकाराचा उपयोग पोलिसांच्या बाजूने मात्र होऊ शकतो. चलन कोणत्या दिवशी, कोणत्या न्यायालयाकडे आणि कोणत्या जावक क्रमांकाने पाठवले, ही माहिती संबंधित पोलीस कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मागता येते. ई-कोर्ट्‌समध्ये काहीच सापडले नाही, तर त्या जावक क्रमांकावरून न्यायालयातील नोंदवहीत खटला शोधता येतो. उत्तर न मिळाल्यास पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे करायचे, आणि दुसऱ्या अपिलासाठी खान्देशातील तिन्ही जिल्ह्यांना राज्य माहिती आयोगाचे नाशिक खंडपीठ आहे.

उत्तर – माजी न्यायालयीन कर्मचारी, जळगाव

वकीलसाहेबांनी शोधाचा मार्ग सांगितला आहे, मी नकलेविषयी लिहितो, कारण पक्षकाराची खरी दमछाक तेथेच होते.

सर्वप्रथम हे लक्षात घ्यावे की ई-कोर्ट्‌सच्या पानाची छापील प्रत कोणत्याही कार्यालयात पुरावा म्हणून चालत नाही. ती केवळ खटला सापडल्याची खूण आहे. शिवाय संक्षिप्त खटल्यांतील आदेश त्या संकेतस्थळावर प्रत्येक वेळी चढवलेला असतोच असे नाही, म्हणून ‘आदेश उपलब्ध नाही’ असे दिसले तरी घाबरून जाऊ नये. मूळ कागद न्यायालयातच असतो.

आपण न्यायालयात जाल तेव्हा ‘दंडाची दुसरी पावती द्या’ अशी मागणी करू नका. पावती एकदाच फाडली जाते. आपण प्रमाणित प्रत मागायची ती आदेशाची आणि रोजनाम्याची. रोजनामा हा खटल्याचा दिवसवार वृत्तांत असतो. आरोपी हजर झाला, त्याने गुन्हा कबूल केला, अमुक रुपये दंड ठोठावला, दंड भरला आणि लायसन्स परत केले, या सर्व नोंदी त्यात एकाखाली एक येतात. आपल्या प्रकरणात आदेशापेक्षाही हा रोजनामा अधिक उपयोगी पडेल, कारण आदेशात दंड ‘ठोठावल्याचे’ असते आणि तो ‘भरल्याचे’ रोजनाम्यातून सिद्ध होते. दंडाची रक्कम न्यायालयातील पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या नाझर विभागात जमा होते व तेथील रजिस्टरात पावती क्रमांकासह नोंद राहते. शक्य झाल्यास त्या नोंदीचा उताराही मागावा.

अर्ज नक्कल विभागात द्यायचा असतो. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावावा लागतो आणि नकलेचे शुल्क पानांवरून ठरते, ते खिडकीवर सांगितले जाते. खटला निकाली निघून काही वर्षे झालेली असल्याने कागद अभिलेख कक्षात गेलेले असतील, त्यामुळे ते वर काढण्यास काही दिवस लागू शकतात. तातडीची नक्कल मागण्याचीही सोय असते, तिचे शुल्क जास्त पडते. नक्कल हाती आल्यावर ती उलटून पाहावी. अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख आणि ती दिल्याची तारीख, या तीन तारखा, ‘खरी प्रत’ असा शेरा, सही आणि गोल शिक्का आहे का, हे खिडकीसमोर उभे असतानाच तपासावे. घरी आल्यानंतर शिक्का पुसट असल्याचे लक्षात आले की पुन्हा भाडे खर्चून जावे लागते.

फौजदारी न्यायालयाच्या निकालाचा ज्याच्यावर परिणाम झाला, त्याला शुल्क भरून नक्कल मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३६३ मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४०४ मध्ये आहे. खिडकीवर कोणी टाळाटाळ केली तर वाद घालत बसू नये, अधीक्षकांना भेटून हे कलम नम्रपणे दाखवावे.

आणखी एक सांगावेसे वाटते. किरकोळ खटल्यांचे कागद कायमचे जपून ठेवत नाहीत, ठरावीक मुदतीनंतर ते नष्ट करण्यात येतात. म्हणून ज्यांची अशी जुनी प्रकरणे आहेत त्यांनी गाडी विकायची वेळ येईपर्यंत थांबू नये. कागद नष्ट झालेले असले, तरी खटल्यांच्या रजिस्टरातील नोंद बहुधा शिल्लक असते आणि तिचा उतारा मागता येतो.

उत्तर – ट्रान्सपोर्टवाला, शिरपूर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत. मी केवळ सीमेवरच्या लोकांसाठी भर घालतो, कारण आमच्याकडे हा घोळ फार होतो. गाडी एमएच १८, एमएच १९ किंवा एमएच ३९ असली म्हणून खटला महाराष्ट्रातच असेल असे नाही. हाडाखेडचा नाका ओलांडल्यावर झालेली कारवाई मध्य प्रदेशातील सेंधव्याला जाते आणि तिची नोंद ई-कोर्ट्‌समध्ये बडवानी जिल्ह्याखाली शोधावी लागते. रावेरकरांना बऱ्हाणपूर पाहावे लागते. नवापूरच्या पुढे उच्छल किंवा सोनगडला कारवाई झाली, तर गुजरातमधील तापी जिल्हा निवडावा. आपल्याकडची माणसे तापी हे नदीचे नाव समजून ते पान पुढे सरकवतात!

तिकडच्या नकला हिंदीत वा गुजरातीत मिळतात. हिंदीची अडचण सहसा येत नाही, परंतु गुजराती नकलेसोबत मराठी भाषांतर जोडले नाही, तर आपल्याकडच्या टेबलावर तो कागद तसाच पडून राहतो. आमच्या गाड्यांच्या बाबतीत आम्ही तेथील स्थानिक वकिलाला वकीलपत्र देऊन नक्कल टपालाने मागवतो. त्याची फी द्यावी लागते, पण चालक आणि गाडी दोन्ही अडकवून ठेवण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

चलनाच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या दुव्यावरून कोणतेही ॲप उतरवून घेऊ नये. चलन भरण्याच्या शासकीय संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ असाच संपतो. आमच्या एका चालकाच्या खात्यातील पैसे अशाच दुव्यामुळे गेले.

प्रश्न – शालेय वाहतूक, शहादा

याच विषयाला जोडून विचारते. आमच्याकडे शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या गाड्या आहेत. नवीन चालक ठेवण्यापूर्वी त्याच्यावर मद्यपान करून वाहन चालवल्याचा खटला झाला आहे का, हे मला न्यायालयाच्या नोंदींतून पाहता येईल का? त्याच्या खटल्याची नक्कल मी मागू शकते का?

उत्तर – पांझराकाठचा वकील, धुळे

ताई, नावाने शोध घेण्यास कोणालाही मनाई नाही, ती माहिती सर्वांसाठी खुली आहे. परंतु नावावरून माणूस ठरवणे आपल्या भागात विशेष धोक्याचे आहे. शहादा, तळोदा, अक्कलकुवा या पट्ट्यात पाडवी, वळवी, वसावे, पावरा ही आडनावे गावेच्या गावे लावतात आणि नाव, वडिलांचे नाव व आडनाव तिन्ही जुळणारी माणसेही आढळतात. यादीत नाव दिसले म्हणून एखाद्याची भाकरी हिरावली जाऊ नये. शिवाय खटला दाखल होणे आणि गुन्हा शाबित होणे यांत अंतर आहे. निकालाचे स्वरूप पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

नकलेच्या बाबतीत आपण त्या खटल्यात तिऱ्हाईत ठरता. तिऱ्हाइताला नक्कल मिळू शकते, परंतु ती कशासाठी हवी याचे कारण प्रतिज्ञापत्रासह सांगून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. यापेक्षा सरळ मार्ग असा की चालकालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र आणण्यास सांगावे आणि आपल्यावरील सर्व खटल्यांची माहिती त्याच्याकडून लेखी घ्यावी. एखादा खटला निघालाच, तर त्याची नक्कल तो स्वतः पक्षकार म्हणून प्रतिज्ञापत्राशिवाय आणू शकतो. मद्यपानाचे कलम १८५ तडजोडीने पोलिसांकडे मिटत नाही, ते न्यायालयातच जाते. त्यामुळे त्याची नोंद कोणत्या ना कोणत्या न्यायालयात असायलाच हवी.

प्रत्युत्तर – केळीबागायतदार, चोपडा

सर्वांचे मनापासून आभार. साक्री, २०२२ आणि ‘निकाली’ असे निवडून भावाच्या नावाचे निरनिराळे इंग्रजी प्रकार टाकत गेलो आणि नोंद सापडली. आडनाव बरोबर होते, परंतु वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त पडलेले होते. खटला एस.सी.सी. प्रकारचा आहे आणि निकालाची तारीख १३ ऑगस्ट २०२२ हीच आहे. वडिलांना हे सांगितल्यापासून ते भावाला धुळे-साक्रीवरून बोलून घेत आहेत.

आता दोन शंका उरल्या आहेत. भाऊ सध्या सुरतेस कामाला आहे, तर अर्ज मी करू शकतो का? आणि खटला लोकअदालतीच्या दिवशी मिटलेला असल्यामुळे नक्कल लोकअदालत भरवणाऱ्या विधी सेवा समितीकडे मागावी लागेल का?

उत्तर – माजी न्यायालयीन कर्मचारी, जळगाव

दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देतो. खटला न्यायालयात प्रलंबित असताना लोकअदालतीत मिटला, तर तेथील निवाडा त्याच खटल्याच्या कागदांत सामील होतो आणि कागद मूळ न्यायालयाकडे परत जातात. प्रकरण दाखल होण्यापूर्वीच मिटलेले असेल, तरच मूळ निवाडा विधी सेवा समितीकडे राहू शकतो. आपला खटला क्रमांक पडलेला असल्यामुळे साक्री न्यायालयाच्या नक्कल विभागातच जावे. लोकअदालतीच्या निवाड्याची प्रमाणित प्रत पक्षकारांना विनामूल्य द्यायची असते, त्यामुळे निवाडा झाला होता की केवळ कबुलीवरून दंड झाला होता, हे अर्ज देताना विचारून घ्यावे.

अर्ज भावाच्याच नावाने आणि त्याच्याच सहीने असावा. आपल्याला नक्कल ताब्यात घेण्याचा अधिकार देणारे स्वतंत्र अधिकारपत्र, दोघांच्या ओळखपत्रांच्या झेरॉक्ससह, सोबत जोडावे. अधिकारपत्र चालणार नाही असे सांगण्यात आले, तर साक्रीतील वकिलामार्फत अर्ज करावा. त्यासाठीचे वकीलपत्र भाऊ सुरतेहून सही करून पाठवू शकतो. अर्जाचा मजकूर लांबवू नये. ‘वर नमूद खटल्यात मी आरोपी असून तो दिनांक १३/०८/२०२२ रोजी निकाली निघाला आहे, दंड भरल्याची पावती गहाळ झाली असल्याने व वाहन हस्तांतरणासाठी आवश्यकता असल्याने आदेश व संपूर्ण रोजनामा यांची प्रमाणित प्रत मिळावी’, एवढे पुरेसे आहे. वडिलांच्या नावातील जास्तीच्या अक्षराचा उल्लेख अर्जातच करावा आणि नाव नोंदीप्रमाणे व आधारप्रमाणे असे दोन्ही प्रकारे लिहावे. तसे न केल्यास नक्कल एका नावाची आणि गाडी दुसऱ्या नावाची, असा नवा आक्षेप पुढच्या टेबलावर निघेल.

नक्कल मिळाल्यावर मूळ प्रत कोणालाही देऊ नका. चलन ज्या शाखेने केले तिच्याकडे झेरॉक्स जोडून अर्ज द्या, मूळ प्रत फक्त दाखवा आणि आपल्या स्थळप्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. प्रणालीतील ‘प्रलंबित’ शेरा त्या शाखेने बदलल्यावरच परिवहन कार्यालयातील हस्तांतरण पुढे सरकेल, तेव्हा घेणाऱ्यालाही त्या पोचेची एक प्रत देऊन ठेवावी.